बाई आवाज वाढवतात

बाईंना ॲम्प्लिफायर हवा होता. एवढं एक वाक्य यजमानांसमोर उच्चारायला त्यांनी बरेच दिवस घेतले, आणि शेवटी उच्चारलं तेव्हा यजमान आरशासमोर दाढी करत होते. ओठांवर साबणाचा फेस असल्यामुळे त्यांना लगेच नाही म्हणता आलं नाही. बाईंनी वेळ बरोबर साधली होती. आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे कुठल्या पदार्थावर कुठल्या अवस्थेत प्रयोग करावा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आणखी एक पेटी?" तोंड धुऊन झाल्यावर यजमान म्हणाले. "त्या खोलीत आधीच्या तीन आहेत."

"त्यातल्या दोन पुस्तकांच्या आहेत."

"म्हणूनच आवडतात मला. आवाज करत नाहीत."

बाईंचा नाद जुना होता. सरकारी परवाना घ्यायचा, घरात एक यंत्र मांडायचं, गच्चीवर तार ताणायची आणि पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी असंच यंत्र मांडून बसलेल्या माणसाशी बोलायचं, याला हौशी रेडिओ म्हणतात. बोलायचं म्हणजे काय, तर हवा कशी आहे, तुमची तार किती लांब आहे, माझा आवाज कसा येतोय. लग्नानंतर यजमानांनी एकदा शेजारी बसून सगळं समजून घेतलं आणि विचारलं, "हे सांगायला इतक्या लांबचा माणूस कशाला लागतो?" बाईंनी दिलेलं उत्तर त्यांना तेव्हा पटलं नाही आणि पुढेही कधी पटलं नाही.

रविवारची गोष्ट मात्र वेगळी होती. रविवारी सकाळी दादा यायचा.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. लहानपणी दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती आणि दिवा मालवला की बोलायचं नाही, असा वडिलांचा दंडक होता. दादानं कुठूनतरी तारयंत्राची लिपी शिकून घेतली. प्रत्येक अक्षराला काही ठिपके, काही रेघा. ठिपक्याला भिंतीवर बोटानं टक, रेघेला नखानं खर्र. बहिणीला ती लिपी इतक्या लवकर आली की पाढे येईनात म्हणून मार खाणारी हीच मुलगी का, असा दादाला प्रश्न पडला. भिंतीतून आलेला पहिला संदेश बाईंना अजून आठवत होता. 'आईनं डबा कुठे लपवला?' पुढे दादा समुद्रापलीकडे गेला, तिकडचाच झाला, आणि भिंतीच्या जागी आकाश आलं. बाकी काही बदललं नाही. यंत्राच्या खटक्यावर बोट ठेवून तीच टकटक, आपलीच भाषा, फक्त रोमन अक्षरांत आणि वेळ वाचवायला अर्धे स्वर गाळून.

तोच दादा फोनवर मुका. "बरी आहेस ना? बरं. हिला देतो," म्हणायचा आणि फोन वहिनीच्या हातात. खटका हाती आला की मात्र त्याला पान्हा फुटायचा. गुडघा, जावई, शेजाऱ्याचं कुत्रं, वहिनीनं टाकून दिलेला त्याचा आवडता सदरा, सगळं येत राहायचं.

आणि आता तो म्हणत होता की ऐकू येत नाही.

त्यानं बंगला विकून म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथे आजूबाजूला शेकडो दिवे, चार्जर, उपकरणं, आणि प्रत्येकाची आकाशात आपापली खरखर. त्याची टकटक बाईंना स्वच्छ यायची. बाईंची तिकडे पोचता पोचता बुडायची. 'खरखरीत बुडालीस,' दादा पाठवायचा. 'पुन्हा सांग.' बाई पुन्हा सांगायच्या. 'पुन्हा बुडालीस.' त्यातच खिडकीबाहेरची त्याची तार इमारतीच्या व्यवस्थापकांच्या डोळ्यांत खुपत होती. एका रविवारी त्यानं पाठवलं, 'ऐकूच येत नसेल तर तार ठेवून काय करू? वर्ष संपलं की उतरवतो. फोन आहेच.'

फोन आहेच, हे दोन शब्द बाईंच्या जिव्हारी लागले. समोरच्याला ऐकू येत नसेल तर दोनच गोष्टी करता येतात. जवळ जायचं, नाहीतर मोठ्यानं बोलायचं. मध्ये समुद्र होता. म्हणून ॲम्प्लिफायर.

ॲम्प्लिफायर म्हणजे रेडिओ आणि गच्चीवरची तार यांच्या मध्ये बसवायची पेटी. रेडिओ जे बोलेल ते ती कितीतरी पटींनी मोठं करून तारेत सोडते. बाईंचा परवाना वरच्या श्रेणीचा असल्यामुळे सरकारची हरकत नव्हती. हरकत होती ती वीज कार्यालयाची, इमारतीची आणि यजमानांची.

पेटी मिळाली ती एका जुन्या रेडिओ-मित्राच्या घरी. मित्र वारले होते आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंच्या भाषेत वहिनींना, तो कोपरा शिलाई मशीनसाठी हवा होता. वहिनींनी दार उघडलं तेच हातात काठी घेऊन. यजमान दोन पावलं मागे सरकले.

"ही आधी घ्या," वहिनी म्हणाल्या. "हे सांगून गेलेत. जो कोणी पेटी नेईल त्याला पहिल्यांदा काठी द्यायची, मग पेटी. माझी आठवण नाही ठेवलीत तरी चालेल म्हणाले, काठीची ठेवा."

लाकडी दांडा, टोकाला तांब्याचा आकडा आणि आकड्याला जाड वायर. पेटी बंद केली तरी तिच्या पोटात हजारो व्होल्ट दबा धरून बसतात. झाकण काढलं की आत हात घालण्याआधी वायरचं दुसरं टोक जमिनीच्या तारेला, म्हणजे अर्थिंगला, जोडायचं आणि आकडा आत टेकवून ती दबलेली वीज जमिनीत घालवायची. वहिनींनी दुसरा नियमही सांगितला. पेटीपाशी काम करताना एक हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि वाटेत काळीज लागतं.

"खिशात?" बाईंनी विचारलं. त्यांच्या कुठल्याच कपड्याला खिसा नव्हता. तेव्हापासून यजमानांचा जुना लोकरीचा कोट बाईंचा झाला. त्याच्या उजव्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासूनच्या होत्या. त्यावर घरात जे बोलणं झालं त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

पेटीचं वजन मुख्यतः तिच्या ट्रान्सफॉर्मरचं. तो वेगळा काढून लिफ्टमध्ये ठेवला तर लिफ्टनं जोरात शिटी वाजवून माणसं उतरवायला सांगितलं. माणसं उतरली. तरी शिटी. शेवटी ट्रान्सफॉर्मर एकटाच लिफ्टनं वर गेला आणि बाई, यजमान नि मदतीला बोलावलेला वायरमन जिन्यानं. मधल्या मजल्यावर समोरच्या काकूंनी त्याला पाहिलं. काकू म्हणजे बाईंच्या दारासमोरच्या दारातल्या. लिफ्ट उघडली तर आत माणूस नाही, फक्त एक काळा ठोकळा. त्या दिवसापासून काकू जिना वापरू लागल्या, आणि वजन थोडं उतरलं तरी बाईंचे उपकार मानायला तयार नव्हत्या.

"एवढं लोखंड घरात ठेवू नये," त्या म्हणाल्या. "माझ्या मावसदिरांनी ठेवलं होतं."

"मग काय झालं?"

"काही झालं नाही. पण ठेवू नये."

वीज कार्यालयात वाढीव भार मागायला गेलेल्या बाईंना कारकुनानं विचारलं, "कशासाठी?"

"भावाशी बोलायला."

कारकुनानं चष्मा वर केला. "एवढा भार?"

"तो लांब राहतो."

कारकून भला होता. त्याच्यापुढे पर्याय छापलेले होते. गिरणी, पंप, पाणी तापवणे आणि इतर. इतरसाठी साहेबांची सही लागायची आणि साहेब रजेवर होते. परत कधी येतील ते साहेबांनाच माहीत. त्यानं विचार करून 'पाणी तापवणे'वर खूण केली. पुढे एक निरीक्षक खरंच पाणी तापवायचं यंत्र पाहायला आला. पेटीतल्या, दुधाच्या बाटलीएवढ्या दोन काचेच्या नळ्यांकडे, म्हणजे व्हॉल्व्हकडे, त्यानं वाकून पाहिलं, पंख्याच्या जाळीवर हात धरला आणि विचारलं, "पाणी कुठाय?"

"अजून आलं नाही," यजमान म्हणाले.

निरीक्षकाला हे उत्तर रोजचंच होतं. तो सही करून गेला.

मग तो दिवस आला. बाईंनी कोट चढवला, डावा हात खिशात घातला, पेटी चालू केली. घरातले दिवे क्षणभर मंद झाले आणि सावरले. पंखा घरघरला. व्हॉल्व्ह आधी थोडा वेळ नुसते तापू द्यावे लागतात. तेवढ्यात यजमानांचा चहा झाला. मग खरी कसरत. पेटीला दोन मोठी बटणं होती. एक हलकेच फिरवून समोरचा काटा खाली बसवायचा, दुसरं फिरवून तारेत किती शक्ती जाते ते वाढवायचं, मग पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं, आणि हे सगळं झटपट. पहिल्यांदा बाईंना झटपट जमलं नाही. व्हॉल्व्हमधले करडे पत्रे हळूहळू गुलाबी झाले, मग लाल.

"छान दिसतंय," यजमान म्हणाले.

"छान दिसतंय म्हणजेच चुकतंय," म्हणत बाईंनी पेटी बंद केली.

पुढच्या वेळी जमलं. काटा बसला, पत्रे करडेच राहिले, आणि बाईंनी दादाला हाक घातली. खरखरीतून दादाची टकटक आली, नेहमीपेक्षा वेगात, जशी आनंदात यायची. 'काय केलंस? कानात बसून बोलते आहेस. इयरफोन काढून ठेवला तरी ऐकू येतंय.' बाई खुर्चीत मागे टेकल्या. घामाघूम होत्या. अर्थात, कोट लोकरीचा होता.

दुसऱ्या दिवसापासून इमारत बोलू लागली.

बाई दादाशी बोलत असताना इमारतीतल्याच दंतवैद्यांची खुर्ची आपोआप वर-खाली होत होती, आणि वर बसलेला रोगी हे उपचारच समजत होता. समोरच्या काकूंचा स्पर्शानं लागणारा दिवा टकटकीच्या तालावर लागत-विझत होता. बाईंना हे ऐकून मनात गुदगुल्या झाल्या. कुठून शिरत असेल? कुठल्या वायरीतून? त्यांनी फेराईटच्या काळ्या कड्या आणल्या. उपकरणाच्या वायरीचे चार वेढे अशा कडीतून काढले की वायरीतून घुसलेली रेडिओची लहर तिथेच अडते आणि वीज मात्र सुखानं जाते. बाई दारोदार फिरल्या. पलंगाखाली, फ्रिजमागे, टीव्हीमागे वाकून त्यांनी कड्या चढवल्या, आणि शेजाऱ्यांच्या घरांची अशी पाठीमागची ओळख झाली की पुढून पाहताना त्यांना हसू आवरेना.

"आमची ही घरोघर बांगड्या भरते आहे," यजमान लोकांना सांगायचे.

कडी लावू न देणारं घर एकच. बाईंच्या बरोबर खालचं, सेक्रेटरींचं.

इमारतीचे सेक्रेटरी उंच होते, गळ्यापर्यंत गुंड्या लावायचे आणि गच्चीची किल्ली अंगावर बाळगायचे. बाईंना तारेला हात लावायचा असला की आधी त्यांच्याकडे अर्ज. ते कुठल्यातरी सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. कुठल्या, ते कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर सांगतील अशी भीती होती. सभेत ते कमी बोलायचे आणि पेनच्या टोपणानं टेबलावर टकटक करत राहायचे. त्या टकटकीनं बाईंचं डोकं उठायचं.

बाई कड्यांची पिशवी घेऊन गेल्या तेव्हा ते दारात आडवे उभे राहिले.

"आमच्याकडे काही त्रास नाही."

बाईंनी त्यांच्या खांद्यापलीकडे पाहिलं. आत जुना ग्रामोफोन होता, कपाटाएवढा स्पीकर होता, आणि त्याची लांब वायर थेट खिडकीच्या कडेनं नेलेली. त्याच खिडकीबाहेरून बाईंची जमिनीची तार खाली उतरत होती. त्रास नसणं शक्यच नव्हतं. पण सेक्रेटरींच्या घरात शिरायला भौतिकशास्त्रालाही अर्ज लागला असता.

"नुसती पाहते," बाई म्हणाल्या. "पाच मिनिटं."

"नको म्हटलं ना, बाई." आणि दार लागलं.

रविवारी बाईंनी हे दादाला सविस्तर सांगितलं. सेक्रेटरी हा शब्द ठिपक्या-रेघांत पाठवायचा म्हणजे बोट दुखतं, म्हणून त्यांनी फार पूर्वीच त्यांचं नाव 'कुलूप' ठेवलं होतं. कुलूप किल्ली देत नाही. कुलूप गच्चीत बनियनवर व्यायाम करतो आणि कुणी आलं की झेंड्याला सलाम केल्यासारखा हात तसाच ठेवतो. कुलपानं घरात काहीतरी नक्की दडवलंय. पुढे दोन अक्षरं, एच आणि आय. रेडिओवाल्यांच्या भाषेत हे हसणं. दादाकडूनही तेच. एच आय, एच आय.

सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणूनच एका रविवारी सकाळी पेटीच्या पोटात फटाक्यासारखा आवाज झाला, घरातली वीज गेली आणि भाजल्याचा वास सुटला. बाईंनी मेन बंद केला, पेटीची वायर काढली, कोट घातला, झाकण उघडलं, काठी टेकवली. पुन्हा एक बारीक फट्. मग आतून एक झुरळ निघालं. निघालं म्हणजे बाईंनी चिमट्यानं काढलं. उबेला आलं होतं बिचारं. त्याच्याबरोबर एक रेझिस्टर जळाला होता आणि पंखा अडकला होता. बाईंनी रंगाच्या ब्रशनं सगळी पेटी झाडली, पंख्याला तेल दिलं. रेझिस्टर मात्र लांबून मागवावा लागला. दोन रविवार बाईंनी नुसत्या रेडिओवर दादाला हाका घातल्या. तिकडून एकच उत्तर. 'बुडालीस.' दुसऱ्या रविवारी त्यात भर पडली. 'सोमवारी तार काढायला माणूस येणार होता. आठवडाभर थांबवलाय. पुढच्या रविवारी शेवटचं ऐकतो.'

नेमकी त्याच आठवड्यात इमारतीची सभा.

पेटी गप्प असतानाच तक्रारींना ऊत आला होता. काकूंचं दूध नासलं. दंतवैद्यांच्या रोग्याच्या दाढेत टकटक ऐकू आली. दाढ काढली तरी आली. कुणाचे केस गळत होते, कुणाचा पोपट बोलेनासा झाला होता. बाई खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होत्या. आयुष्यभर वर्गापुढे उभं राहिलेल्या बाईला बसून ऐकायची सवय नसते. शिवाय ज्यांच्या पलंगाखाली आपण रांगलो तीच माणसं आपल्याकडे बोट दाखवतात, हे सोसायलाही जीव लागतो.

"यंत्र काढा, नाहीतर गच्चीवरची तार काढा," काकू म्हणाल्या. "मी काही वाईट म्हणत नाही. पण काढा."

पेनच्या टोपणाची टकटक थांबली.

"गेले दोन रविवार यंत्र बंद होतं," सेक्रेटरी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांत आधी बाईंनी.

"दूध कधी नासलं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मागच्या रविवारी."

"मग दूधवाल्याशी बोला." त्यांनी टोपण पेनला लावलं. "तरीपण निर्णय पाहणी झाल्यावर. येत्या रविवारी सकाळी मी स्वतः येईन. यंत्र चालू असताना."

घरी येताना बाईंच्या डोक्यात एकच भुंगा. यांना कसं कळलं? पंख्याचा आवाज खाली जात नाही. दिवे मंद होतात ते फक्त आपल्याच घरात.

"विचार की त्याला," यजमान म्हणाले.

"कसं विचारू? विचारलं तर सांगतील."

बाईंनी फोन करून वहिनीकरवी दादाला निरोप दिला, कुलूप पाहणी करणार आहे. रेझिस्टर शनिवारी आला. रविवारी सकाळी पेटी तापत असतानाच दारावरची घंटा वाजली. सेक्रेटरी गळ्यापर्यंत गुंड्या लावून, पेन घेऊन आले होते. यजमानांनी खुर्ची दिली आणि चहाचं निमित्त काढून स्वतः स्वयंपाकघरात गेले. या माणसाच्या शौर्याबद्दल बाईंना कधीच गैरसमज नव्हता.

"एक हात खिशात ठेवा," बाई म्हणाल्या. "नियम आहे."

सेक्रेटरींनी विनातक्रार हात खिशात घातला. दोघं तसेच बसले, एकेक हात खिशात, व्हॉल्व्हच्या केशरी उजेडाकडे बघत. मग सेक्रेटरी खाकरले.

"दादांच्या गुडघ्याचं काय ठरलं?"

बाईंना वाटलं आपण चुकून मोठ्यानं विचार केला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच."

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि टेबलाच्या कडेवर टेकवलं. खर्र, टक, खर्र. टक, टक, खर्र. नेहमीचीच टकटक. फक्त या वेळी बाईंनी ती ऐकली. के. यू. एल. यू. पी.

बाईंचे कान लाल झाले, झटपट न जमलेल्या पत्र्यांसारखे.

"सुरुवातीला वाटलं, हा कुणी भलताच माणूस आहे," सेक्रेटरी म्हणाले. "वाईट वाटायचं मला त्याच्याबद्दल. मग बनियनचा विषय निघाला."

"तुम्हाला येते ही लिपी?"

"तारखात्यात होतो. बढती मिळून कागदात जाण्याआधी डोंगरातल्या ऑफिसात तारा घ्यायचो. थंडीत बोटं वाकायची नाहीत, पण कान चालायचे. इथे कुणी विचारलंच नाही कधी." त्यांनी टोपण लावलं, पुन्हा काढलं. "मागे एका रविवारी ग्रामोफोन लावायला गेलो. तबकडी ठेवायच्या आधीच स्पीकर धडधडायला लागला. जुन्या तारयंत्रासारखा. मी खाली बसलो. किती वर्षांनी, बाई."

"म्हणून तुम्ही कडी लावू दिली नाहीत."

"लावली असती तर ऐकू आलं नसतं." ते जरा पुढे वाकले. "पण मला एकच बाजू येते. तुमची. तुम्ही विचारता, गुडघ्याचं काय, मग सगळं शांत. मग तुम्ही म्हणता, अरेरे. मग हसता. कशाला अरेरे, कशाला हसलात? आठवडाभर माझ्या डोक्यात तेच. जावयाचं भांडण मिटलं का? सदरा मिळाला का? दोन रविवार तर तेही नाही. जिना चढून विचारायचं तर कुठल्या तोंडानं? म्हणून पाहणी काढली."

बाईंना काही बोलायचं होतं, माफीसारखं काहीतरी, पण वेळ झाली होती. त्यांनी काटा बसवला, पत्रे करडे आहेत ना पाहिलं आणि हाक घातली. खरखर. पुन्हा हाक. खरखर. बाईंनी दुसरं बटण केसभर सरकवलं आणि तिसऱ्यांदा हाक घातली.

मग दादा आला. वेगात.

'आलीस. स्वच्छ. कानात बसलीस. आता आधी सांग, पाहणीचं काय झालं? कुलूप आला होता का? असल्या माणसाला गच्चीत घालून बाहेरून कडी लावावी.'

बाईंनी बाजूला पाहिलं. सेक्रेटरींच्या हाताला केव्हाच पेन लागलं होतं आणि दादाचं एकेक अक्षर जुन्या सवयीनं वर्तमानपत्राच्या समासात उतरत होतं. शेवटचा शब्द लिहून त्यांनी सगळं एकदा वाचलं.

"हं," ते म्हणाले. "मला परवाना नाही, मी खटक्याला हात लावणार नाही. तुम्ही पाठवा. मी सांगतो." त्यांनी घसा साफ केला. "कुलूप हजर आहे."

बाईंनी पाठवलं.

तिकडे शांतता पसरली. इतकी की बाईंनी काट्याकडे पाहिलं, व्हॉल्व्हकडे पाहिलं, झुरळाची शंका घेतली. मग एकदम सावकाश, शुद्धलेखनाच्या वहीसारखी टकटक आली.

'केव्हापासून?'

"गुडघ्याच्या आधीपासून," सेक्रेटरी म्हणाले, आणि बाईंनी पाठवलं.

मग दादा. 'तर मग तुम्हीच सांगा. माझ्या बहिणीचं एफ अक्षर अजून लंगडतं का?'

"लंगडतं," सेक्रेटरी लगेच म्हणाले. बाईंनी तेही पाठवलं. धंद्यातला प्रामाणिकपणा म्हणून पाठवलं.

पलीकडून एच आय आलं, पुन्हा एच आय, आणि मग दादाला पान्हा फुटला. गुडघा पुढच्या महिन्यात. जावई परत आला. सदरा कचऱ्यातून मिळाला, वहिनीला सांगू नका. यजमान चहा घेऊन आले तेव्हा बायको आणि सेक्रेटरी डोकं डोक्याला लावून, एकेक हात खिशात, समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर हसत होते. यजमानांनी ट्रे ठेवला आणि परत गेले. शेवटी दादानं पाठवलं, 'सोमवारच्या माणसाला नको म्हणून सांगतो. तार राहू दे. कुलपाला विचार, पुढच्या रविवारी असेल का?'

दोन दिवसांनी फलकावर सूचना लागली. 'यंत्राची पाहणी करण्यात आली. पाहणी समाधानकारक असून ती दर रविवारी करणे आवश्यक आहे. सेक्रेटरी.' समोरच्या काकूंनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, बघा, आता कसं कुणीतरी लक्ष ठेवायला आहे.

बाई पिशवीतली शेवटची कडी घेऊन खाली गेल्या. या वेळी दार पूर्ण उघडलं. स्पीकरची वायर हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आता तरी लावू द्या. तुम्ही वरच येणार, दोन्ही बाजू ऐकणार. इथे उगाच धडधड कशाला?"

सेक्रेटरींनी त्यांच्या हातातून वायर हळूच काढून घेतली आणि पुन्हा खिडकीच्या कडेला नीट लावून ठेवली.

"राहू द्या, बाई. एखाद्या रविवारी मला जिना नाही चढवला तर?"